व्याह्यांची स्वायत्त खोली

सबंध सिंगापुरात एका खोलीवर राज्य चालवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या नशिबी व्याही म्हणून आला. राज्य म्हणजे आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमधली शेवटची खोली. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी, आणि खिडकीतून समोरच्या ब्लॉकच्या वाळत घातलेल्या चादरी. एवढ्या मुलखाला ते 'प्रदेश' म्हणत. माझी खोली त्याच्या शेजारीच होती आणि तेवढीच मोठी होती, पण तिला कोणी कधी काही म्हटलं नाही.

व्याही सोलापूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. त्यातलाही एकच कोपरा त्यांनी जन्मभर धरून ठेवला होता: युरोपात मोठ्या देशांच्या पोटात राहून आपलं घर आपणच चालवणारे मुलूख. विद्यार्थी त्यांना बेटवाले सर म्हणत, कारण फळ्यावर कसलाही धडा सुरू झाला तरी तास संपेपर्यंत ते कुठल्यातरी बेटावर पोचलेले असत. ऑलंड म्हणून बेटं आहेत, फिनलंड देशाची, पण तिथली माणसं स्वीडनची भाषा बोलतात. त्यांना सैन्य ठेवायची मनाई आहे आणि पोस्टाचं तिकीट मात्र स्वतःचं आहे. फेरो बेटं डेन्मार्कची, पण डेन्मार्क युरोपच्या संघात गेला तेव्हा ही म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, आम्ही नाही येत. इटलीच्या डोंगरात एक जिल्हा आहे, तिथं घरोघरी जर्मन बोलतात. हे सगळं मला चौथी शिकलेल्या बाईला तोंडपाठ झालं, कारण मी भाजी चिरत असले की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून सांगत. आत येत नसत. यातल्या एकाही गावाला ते कधी गेले नव्हते. मी एकदा विचारलं, एवढं प्रेम आहे तर जाऊन का नाही आलात? तर म्हणाले, गेलो असतो तर पाहुणा म्हणून जावं लागलं असतं, आणि पाहुण्याला घरातलं काही दिसत नाही.

आता हे प्रदेशाचं खूळ घरात का शिरलं ते सांगते. आमच्याकडं लेकीच्या घरी बाप मुक्काम करत नाही. जुनी माणसं तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. विहीण गेली तेव्हा व्याही सोलापुरात एकटे पडले. एकदा न्हाणीघरात घसरले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. माझी सून ही त्यांची एकुलती एक. ती विमानानं गेली आणि बापाला घेऊन आली. आली खरी, पण व्याही आमच्या लोखंडी जाळीच्या दाराबाहेर चपलांच्या मांडणीजवळ उभे राहिले आणि आत येईनात. मी सांगितलं, नात एवढी मोठी झाली, आता काय हरकत आहे? म्हणाले, पाण्याला हरकत नाही, मुक्कामाला आहे. बॅग बाहेर, माणूस बाहेर, आम्ही आत. शेजारचं चिनी जोडपं त्यांना वळसा घालून लिफ्टकडं गेलं. सून रडायच्या बेतात होती. माझा मुलगा बँकेत भल्याभल्यांना कर्जाला कबूल करतो, त्याचंही काही चालेना. शेवटी व्याह्यांनीच तोड काढली. शेवटची खोली ही या घरात असेल, पण या घराची नसेल. तिथला कारभार त्यांचा. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि वीज केंद्राकडं. केंद्र म्हणजे मुलगा आणि सून. चूल त्यांची वेगळी, भाषा त्यांची, सणवार त्यांचे. मी म्हटलं, म्हणजे सातबारा एक आणि चूल दोन, हे आमच्या गावात घरटी आहे, याला युरोप कशाला पाहिजे? ते म्हणाले, "विहीणबाई, गावात भांडून होतं. हे समजुतीनं होतंय." आणि उजवा पाय आत टाकला.

मुलगा हौशी. संध्याकाळी थट्टेनं म्हणाला, चला, बाबांचं स्वतंत्र राज्य झालं. व्याही एवढे शांत गृहस्थ, पण ताडकन बोलले, "स्वतंत्र नाही. स्वायत्त. स्वतंत्र मी सोलापुरात होतो. तुमच्या सासूबाई गेल्यावर अगदी पूर्ण स्वतंत्र होतो."  मुलगा उगाच टीव्हीचा रिमोट शोधत बसला.

राज्य मात्र त्यांनी मन लावून केलं. एक विजेची शेगडी, दोन पातेली, एक तवा. स्वतःचा किराणा स्वतः आणायचा म्हणून एमआरटीच्या गाडीनं लिटिल इंडियाला जात, मध्ये गाडी बदलून, आणि तांदूळ, डाळ, तिखट पाठीवर घेऊन येत. मीठसुद्धा वेगळं. मी म्हटलं, अहो, मीठ तरी आमचं घ्या, समुद्र सगळीकडं एकच. तर म्हणाले, मिठाचंच तर सगळं आहे. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी मग बरोबरीनं बोलता येत नाही, आणि मला माझ्या लेकीशी बापासारखं बोलायचं आहे. स्वयंपाक त्यांना येत नव्हता. त्यांच्या वरणाला डाळ आणि पाणी यांची स्वायत्तता होती, दोघं एका पातेल्यात राहून एकमेकांत मिसळत नसत. तेच वरण ते पानात वाढून घेत, चित्राहुती घालत आणि दार अर्धवट उघडं ठेवून जेवत. दार पूर्ण लावलं तर भांडण झाल्यासारखं दिसतं आणि पूर्ण उघडं ठेवलं तर आमंत्रण दिल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं.

संरक्षण केंद्राकडं आहे हे ते फार मानत. इथं प्रत्येक फ्लॅटला जाड लोखंडी दाराची एक कोंदट खोली बांधलेली असते, बॉम्ब पडले तर लपायला. आमच्या त्या खोलीत मी तांदळाचं पोतं, लोणच्याच्या बरण्या आणि जुना पंखा ठेवलेला. व्याही अधूनमधून त्या दारावर टिचकी मारून म्हणत, युद्ध झालं तर माझ्या प्रजेला यात जागा द्यावी लागेल. मी म्हणायची, लोणच्याला धक्का न लावता बसायचं असेल तर या. इथं राहायचा त्यांचा पासही लेकीच्या जिवावर मिळालेला. मी ते बोलून दाखवलं, मला आडपडदा जमत नाही. ते जराही हलले नाहीत. पास हा परराष्ट्र व्यवहार, तो केंद्राचा विषय, म्हणाले.

नातीचं नाव ईरा. शाळा इंग्रजी, बोलणं इथल्या पोरांसारखं. ती दारात उभी राहून विचारायची, "आजोबा, कॅन कम इन ऑर नॉट?" आतून उत्तर यायचं, अर्ज मराठीत करावा. मग ती म्हणायची, "येऊ का ला?" हा 'ला' इथं सगळ्यांच्या बोलण्याच्या शेपटाला असतो. मला वाटलं, आता तिला पिटाळतील. पण त्यांनी विचार केला आणि सांगितलं की इटलीतल्या त्या जर्मन बोलणाऱ्या जिल्ह्यात लादिन नावाची तिसरीच एक चिमुकली भाषा आहे आणि तिलाही मान आहे, म्हणून 'ला' चालेल, अल्पसंख्याकांचा हक्क आहे. पोरगी तेवढ्यावर रोज अर्धा तास त्यांच्याजवळ मराठी बोलायला लागली. आम्ही आईबाप-आजी मिळून जे जमवलं नव्हतं ते असं झालं.

ऑगस्टात इथं ब्लॉकच्या कठड्यांना लाल-पांढरे झेंडे लागतात. ते बघून व्याह्यांना आपलाही झेंडा असावा असं वाटलं. मुलगा घाबरला. बाबा, इथं प्रत्येक गोष्टीला नियम असतो, म्हणाला. व्याह्यांनी एक उपरणं हळदीत बुडवलं आणि कपडे वाळवायच्या बांबूवर घातलं, म्हणजे विचारलं तर वाळवण आणि बघितलं तर झेंडा. बांबू माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला, तेव्हा आधी माझी रीतसर परवानगी घेतली. उपरणं नीट पिळलेलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या मलाय बाईंच्या पांढऱ्या चादरीवर सगळी हळद उतरली. त्या वर आल्या त्या चादर हातात घेऊनच. व्याह्यांनी दारात उभं राहून त्यांना इंग्रजीत ऑलंड बेटांपासून सुरुवात करून सगळं समजावलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, त्यांना वाटलं बिचाऱ्याच्या घरी काही धर्मकार्य आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी केळीच्या पानातली नारळाची हिरवी वडी पाठवली. व्याही ती वडी हातावर घेऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, पहिली परकीय मान्यता आली. मी म्हटलं, तुमचा परराष्ट्र व्यवहार केंद्राकडं होता ना? त्यांनी समजावलं की हल्ली प्रदेशही परस्पर संबंध ठेवतात, दुसऱ्या देशांत आपली कचेरी उघडतात, राजधानीला फक्त कळवतात. "मी तुम्हाला कळवलं," म्हणाले, आणि वडी खाल्ली. ती लेकीच्या घरची नव्हती.

हे सगळं सुरळीत चाललं होतं तोवर मी हसत होते. मग एका दुपारी धूर आला. छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. मी घरी एकटीच. सून पाया लेबारला ऑफिसात, मुलगा कामावर. मी आत गेले तर शेगडीवर पातेलं लाल झालेलं, शेजारचं फडकं पेटलेलं, आणि व्याही पलंगावर बसून खिडकीकडं बघत होते. मी ओला टॉवेल टाकून फडकं विझवलं, बटण बंद केलं. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, विहीणबाई, न विचारता आलात. मी म्हटलं, धूरही न विचारताच माझ्याकडं आला. त्यावर ते हसले नाहीत. आपण काही शिजत ठेवलं होतं हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं.

संध्याकाळी सुनेनं शेगडी उचलली आणि बॉम्बच्या खोलीत ठेवून दिली. उद्यापासून तुम्ही आमच्याबरोबर टेबलावर जेवायचं, असं बापाला सांगितलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, घराला आग लागली असती. पण व्याह्यांनी बॅग काढली. सोलापूरचं घर बंदच होतं, किल्ली त्यांच्याजवळ होती. जातो म्हणाले. सून म्हणाली, तिथं पुन्हा पडलात तर? मी तुमची मुलगी ना, माझ्या हातचं जेवायला काय होतं? ते तिला म्हणाले, "वैशू, रोज तुझ्या घरचं ताट पुढं आलं की मी तुझा बाप राहणार नाही. पोसलेला म्हातारा होईन. त्यापेक्षा पडेन." सून आत जाऊन रडली. मुलगा माझ्याकडं बघायला लागला, जसं काही दर वेळी तोड मीच काढायची असते.

मला त्यांच्या बेटांचं काही पडलेलं नव्हतं. पण एकटं माणूस बंद घरात कसं मरतं ते मी बघितलेलं आहे, आणि पोसलेलं माणूस उजेडात कसं मरतं तेही बघितलेलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन जुड्या मेथी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. विचारलं, तुमच्या त्या बेटांवर सगळंच पिकतं का? म्हणाले, छे, फेरो बेटांवर गवत आणि मेंढ्या. बाकी सगळं बाहेरून येतं. मी म्हटलं, मग ती माणसं मिंधी झाली का? ते म्हणाले, मिंधी कशाला? ते मासे देतात. मी जुड्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. "मग ही निवडून द्या. भाजी माझ्याकडून येईल."

त्यांनी सबंध दुपार विचार केला. बॅग पलंगावर तशीच उघडी होती. चार वाजता मेथी बाहेर आली, एकेक पान सुटं केलेलं, एकावर एक रचलेलं, जशी काही पत्त्याची पानं. एवढ्या वेळात मी लग्नाच्या पंगतीची मेथी निवडली असती. पण बॅग पलंगाखाली गेली.

तेव्हापासून आमचा व्यापार सुरू झाला. ते निवडत, सोलत, किसत. मटार, लसूण, नारळ. मी ताट पाठवायची. एखाद्या दिवशी निवडायला काही दिलं नसताना नुसतं ताट गेलं तर ते परत येई. दोन वाट्या भाजी गेली तर एक परत येई, माल लादू नका म्हणून. माझ्या आमटीत मीठ कमी आहे अशी त्यांची रोजची हरकत असायची आणि मग आपल्या बरणीतलं मीठ घालून घेत. मी मुद्दामच कमी घालायची. सून हे बघून म्हणायची, आई, तुम्ही दोघं वेडे आहात. असू. ताट माझ्या हातचं जात होतं, तिच्या नव्हे, आणि त्याचं तिला मनातून लागत होतं हे मला कळत होतं. बापाला एकदा पोटभर वाढावं एवढीच तिची इच्छा होती. त्यात वाईट काय?

पण व्याह्यांच्या डोक्यातला धूर त्या फडक्याबरोबर विझला नव्हता. पुढं पुढं मेथीची पानं केराच्या टोपलीत आणि काड्या ताटात यायला लागल्या. मी टोपलीतली पानं काढून धुवून घ्यायची आणि त्यांच्यासमोर म्हणायची, आज छान निवडलीत. पॉलिक्लिनिकमध्ये नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही कोणत्या देशात आहात? त्यांनी तिलाच ऐकवलं की प्रश्न नीट विचारा, देश वेगळा आणि प्रदेश वेगळा. तिला ते उत्तर बरोबर धरावं की चूक ते कळेना. मला तेव्हा अजून आशा वाटली होती. मग त्यांच्या बोलण्यात बेटांची अदलाबदल व्हायला लागली. मासे इटलीच्या डोंगरात गेले, जर्मन बोलणारे फिनलंडला गेले. एकदा ईरा दारातून "येऊ का ला?" म्हणाली तर ते म्हणाले, ये की, विचारतेस काय? ती आत गेली नाही. माझ्याकडं येऊन विचारायला लागली, "आजी, आजोबा आर ओके ऑर नॉट?"

गेल्या चैत्रात एका रविवारी आम्ही टेबलावर जेवायला बसलो होतो. व्याही खोलीतून आले, ईराच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. म्हणाले, भूक लागली.  सुनेनं ताट घेतलं, पोळी वाढली, तूप वाढलं, भाजी वाढली. त्यांनी तिच्याकडं बघून हसून सगळं खाल्लं. मीठ मागितलं नाही. वर तिला म्हणाले, बाई, तुमच्या हाताला चव आहे. मुलगा माझ्याकडं बघून आनंदानं मान डोलवत होता. सून पदरानं डोळे पुसत पुन्हा पुन्हा सांगत होती, बाबा माझ्या हातचं जेवले. तिला बाई म्हटलेलं तिच्या कानावरच गेलं नसावं. किंवा गेलं असेल, आणि तिनं ते गिळलं असेल. मी तिच्या आनंदात माती कालवली नाही. पण त्यांच्या मुलखावर कोणी चाल केली नाही, कोणी तो जिंकला नाही. राजाच उठून बाहेर आला आणि परतीची वाट विसरला.

आता ते रोज टेबलावर जेवतात. कोणी वाढलं तरी जेवतात. मी पुन्हा मेथी ठेवून बघितली, ती तशीच वाळून गेली. दुपारी घरात आम्ही दोघंच असतो. परवा जेवायच्या वेळी मी त्यांच्यासमोर बसून विचारलं, व्याहीबुवा, स्वायत्त म्हणजे काय हो? त्यांनी सभ्यपणानं विचार केला आणि म्हणाले, चांगलाच शब्द आहे, तुम्हीच सांगा. मग मी सांगितलं. मला येतं तसं सांगितलं, थोडं चुकलं असेल. फिनलंडची बेटं सांगितली, त्यांची स्वतःची पोस्टाची तिकिटं सांगितली, नाही येत म्हणणाऱ्या फेरोवाल्यांचं सांगितलं. ते हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होते, पहिल्या बाकावरच्या पोरासारखे. मोठ्याच्या पोटात राहून एवढं सगळं आपलं आपण करायचं याचं त्यांना फार नवल वाटलं. मग बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "आणि ही माणसं जेवतात कुठं?"

"आपापल्या घरी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बरं आहे, म्हणाले. मग ताट माझ्याकडं सरकवलं आणि मी त्यात भात वाढला.